नेलपॉलिश, शाप आणि कानातलं पाणी

“काका, हे एवढंसं विमान एकाच इंजिनावर चालतं म्हणे. ते बंद पडलं तर हो?”

“तर खाली येतं,” बाबा म्हणाले.

वहिनींना हे उत्तर नको होतं. कुंपणापलीकडून त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला, म्हणजे ‘तुझे वडील असेच का गं?’ मी मेथीला पाणी घालत राहिले. आमच्या न्यू जर्सीतल्या फेअरफील्डला दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये लाकडी कुंपण असतं, आणि त्याच्यावरून बोलायचं तर उंची लागते. वहिनी त्यासाठी एक मोठी कुंडी पालथी घालून तिच्यावर उभ्या राहतात. त्या कुंडीत आजवर एकही झाड लावलेलं मी पाहिलं नाही.

वर तेच विमान पुन्हा वळसा घेऊन आलं. एसेक्स काउंटी विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मोठी विमानं तिकडे नेवार्कला; इथं सगळी दोन-चार-सहा माणसांची. शिकाऊ मुलं चढतात, वळतात, टेकतात, पुन्हा चढतात. बाबा ओझरच्या एचएएलमध्ये मिग विमानांच्या तपासणीत उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे येतात तेव्हा आईला मॉल हवा असतो, देऊळ हवं असतं, बाबांना काहीच नको. डेकवर खुर्ची टाकायची आणि कोण कसं उतरतंय ते बघून मान हलवायची. मान आडवी हलली तर समजावं, पोरगं धावपट्टीवर आपटलं.

“उगाच नाही विचारत,” वहिनी म्हणाल्या. “आमचा पोरगा विमान शिकायला लागलाय.”

आईचा भेंडी तोडणारा हात थांबला. “अगं बाई! नोकरी सोडली?”

“सोडतोय कुठला! नोकरी सांभाळून, शनिवारी. छंद म्हणे. तिशी उलटली, लग्नाचा विषय काढला की फोन ठेवतो, आणि मला म्हणतो, आई, पुढच्या उन्हाळ्यात तुला मार्थाज व्हिनयार्डला घेऊन जातो, दीड तासात. मी म्हटलं, बाबा रे, मला बोट चालते. आणि शिकतोय कुठे, तर ह्याच विमानतळावर. जिथून तो उडाला होता.”

‘तो’ म्हणजे कोण, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आईला लागलं.

“केनेडी,” मी म्हटलं.

“तो? त्याला तर गोळी घातली होती.”

“त्याचा मुलगा गं, जॉन. तो फोटो नाही का, बापाच्या अंत्ययात्रेत एवढंसं पोर कोट घालून सलाम करतंय? त्या दिवशी त्याचा तिसरा वाढदिवस होता. तोच पुढे मोठा झाला, वकील झाला, ‘जॉर्ज’ नावाचं मासिक काढलं, आणि १९९९ च्या जुलैमध्ये स्वतःचं विमान घेऊन समुद्रात पडला. बायको आणि मेव्हणी बरोबर होत्या. तिघंही गेली.”

“आई गं!” आईनं भेंड्यांचं भांडं खाली ठेवलं. म्हणजे आता बैठक लांबणार.

वहिनींनी कुंडीवरचा पाय बदलला. त्या तेव्हा नव्यानंच इकडे आलेल्या. अपार्टमेंटमध्ये राहायच्या, गाडी चालवता येत नव्हती, दिवसभर टीव्ही. त्यामुळे केनेडी घराण्याचा त्यांचा अभ्यास आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकाराला लाजवेल असा आहे. “शुक्रवार होता. १६ जुलै. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न, रॉरीचं, हायनिस पोर्टला. वाटेत मेव्हणीला व्हिनयार्डला सोडायचं आणि पुढे लग्नाला जायचं. निघायचं होतं उजेडात. पण उशीर झाला. का झाला? तर बायको पार्लरमध्ये बसली होती. नेलपॉलिशचा रंग पसंत पडेना, म्हणून तीनतीनदा बदलून घेतला म्हणे. तेवढ्यात अंधार पडला. आता बोला!”

“हे कुणी पाहिलं?” बाबांनी विचारलं.

“छापून आलं होतं, काका.”

“त्या पार्लरवाल्या बाईनं सही करून दिलंय?”

खरं सांगायचं तर मलाही ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा पटली होती. नखांचा रंग डोळ्यांपुढे येतो, म्हणून पटते. पण मेव्हणी मॅनहॅटनमध्ये गुंतवणूक बँकेत नोकरीला होती, तिचं काम आटोपल्यावर ती जॉनबरोबर गाडीनं निघाली, आणि जुलैतल्या शुक्रवारी संध्याकाळी मॅनहॅटनमधून जर्सीकडे निघणं म्हणजे काय, हे वहिनींना मी सांगावं असं नाही. त्यांचे यजमान तीच वाट रोज तुडवतात आणि शुक्रवारी घरी येईपर्यंत वरणाला साय धरते. त्या ट्रॅफिकमध्ये हजारो पुरुष अडकले होते. पण उशीर कुणाच्या नावावर जमा झाला? जिनं नखं रंगवली तिच्या.

“ते राहू दे,” बाबा म्हणाले. “उडालं किती वाजता ते सांगा.”

“आठ अडतीस.” हे वहिनींना पाठ होतं.

“आणि सूर्य मावळतो साडेआठच्या आत-बाहेर. म्हणजे उडाला तेव्हा संधिप्रकाश, पोचायच्या वेळेला काळोख. बरं, उशीर कुणामुळेही होऊ दे. विमानाला घड्याळ कळत नाही. आठ अडतीसला चावी कुणी फिरवली?”

“तेच तर! त्या घराण्याला शापच आहे,” आईनं निकाल दिला. आईला नेलपॉलिशपेक्षा शाप जास्त पटतो; तिच्या माहेरी एका वाड्याला होता.

वहिनींनी लगेच बोटांवर मोजायला सुरुवात केली. सगळ्यात थोरला काका, जो, १९४४ साली युद्धात स्फोटकं भरलेल्या विमानात हवेतच गेला. आत्या कॅथलीन १९४८ मध्ये फ्रान्समध्ये, छोटं विमान वादळात सापडून. दुसरा काका रॉबर्ट, त्याच्या बायकोचे आई-वडील १९५५ मध्ये, तेही विमानातच. जॉनच्या आईनं, जॅकीनं, दुसरं लग्न केलं त्या ओनासिसचा मुलगा १९७३ मध्ये अथेन्सला, छोट्या विमानातच. “आणि टेडचं तर नवलच. धाकटा काका. तो वाचला.”

टेड केनेडीची हकिगत मला नेहमी जास्त चटका लावते, कारण त्यात नखं नाहीत, हौस नाही, काहीच नाही. १९ जून १९६४. वॉशिंग्टनला सिनेटमध्ये नागरी हक्क विधेयकावर मतदान झालं, ७३ विरुद्ध २७. थोरल्या भावाचा खून होऊन सात महिनेही झाले नव्हते, आणि हे विधेयक त्यानंच पुढे आणलेलं. मतदान संपवून टेड रात्री भाड्याच्या दोन इंजिनांच्या विमानानं मॅसॅच्युसेट्सला निघाला. तिथं पक्षाचं अधिवेशन त्याची वाट पाहत होतं. बरोबर सिनेटर बर्च बाय, त्यांची बायको, टेडचा एक सहायक, आणि पायलट. बार्न्स विमानतळावर धुकं होतं. उतरायला म्हणून खाली आलेलं विमान धावपट्टीच्या काही मैल अलीकडे सफरचंदाच्या बागेत झाडांवर आदळलं. पायलट गेला, सहायक गेला. बाय स्वतः जखमी; तरी त्यांनी टेडला ओढून बाहेर काढलं. टेडच्या पाठीचे मणके मोडले, फुप्फुस बसलं. डिसेंबरपर्यंत तो इस्पितळात पडून होता. मधल्या काळात निवडणूक आली, त्याच्या वतीनं बायकोनं प्रचार केला, आणि हा पलंगावरून प्रचंड मतांनी निवडून आला.

“पायलट सराईत होता?” आईनं विचारलं.

“धंद्याचा पायलट होता,” बाबा म्हणाले. “धुक्यात खाली जमीन दिसत नाही, आणि विमान असायला हवं त्यापेक्षा खाली असतं. सराईत माणूसही जातो त्यात. उतरतानाच जातात बघ जास्त.”

“आपले माधवराव शिंदेही छोट्या विमानातच गेले,” आई म्हणाली. “कानपूरच्या सभेला निघाले होते. मैनपुरीजवळ. सप्टेंबर २००१. बरोबर पत्रकार पोरं होती गं, कोवळी. आठ माणसं. तेव्हा घरी चूल पेटवावीशी वाटली नाही.” कण्हेरखेडच्या शिंद्यांचं आईला फार. तिचं आजोळ साताऱ्याकडचं, म्हणून माधवराव तिच्या लेखी नात्यातलेच.

“त्याला काय शाप म्हणायचा?” बाबा आता खुर्चीतून पुढे सरकले होते. “अगं, जी माणसं सारखी छोट्या विमानात बसतात तीच छोट्या विमानात मरणार. पुढाऱ्यांना एका दिवसात चार सभा हव्यात, श्रीमंतांना वीकेंडला बेट हवं. तुझ्या माहेरचे सगळे एसटीनं गेले-आले. तुमच्या वाड्यातल्या शापाला विमान सापडलं असतं तर त्यानं सोडलं असतं का?”

आई ह्यावर चार मिनिटं बोलली नाही.

वहिनींनी मग तिसरा मुद्दा काढला. शाप नाही तर माज. पैसा, नाव, देखणेपण. कुणी नाही म्हणायचं नाही. जॉनचा घोटा मोडलेला, सहा आठवड्यांपूर्वी असल्याच उडायच्या खेळात मोडून घेतला, अजून काठी टेकत चालत होता. आणि शिकवणारा मास्तर म्हणत होता मी येतो बरोबर, तर म्हणाला नको, मला एकट्यानंच करायचंय.

“हे खरं आहे,” बाबा म्हणाले. वहिनींचा चेहरा उजळला. आत्तापर्यंतच्या गप्पांत बाबांनी मान्य केलेली ही पहिली गोष्ट.

बाबांनी खिशातून घडी घातलेले कागद काढले. मला तेव्हा कळलं की परवा लायब्ररीत जाऊन त्यांनी एनटीएसबीचा, म्हणजे इथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी मंडळाचा अहवाल छापून आणला होता. जुलै २००० मधला. समास पेन्सिलीनं भरलेले. ओझरची सवय.

“ऐका. एकूण उड्डाण साधारण ३१० तास. पंधरा महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालेल्या हौशी माणसाला वाईट नाहीत. त्यातले ५५ रात्रीचे. बरं. पण ही पायपर साराटोगा नवी घेतलेली, आधीच्या सेसनापेक्षा वेगवान, चाकं आत जाणारी. हिच्यावर फक्त ३६ तास. त्या ३६ मध्ये मास्तर शेजारी नसताना? सुमारे तीन. आणि मास्तर नसताना रात्री?” बाबांनी चष्म्यावरून बघितलं. “०.८ तास. पाऊण तासाच्या थोडं वर. त्या रात्रीचं उड्डाण तासाभराचं झालं होतं.”

“बघा! माजच!”

“थांबा ताई. बेकायदा काय केलं त्यानं? काही नाही. इथं हवा ठरावीक मर्यादेपर्यंत स्वच्छ असली तर रात्रीही नुसत्या नजरेच्या नियमांवर उडायची मुभा आहे. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस मिनिटं झाली की तसं लांब जाता येत नाही; इथं येतं. फ्लाइट प्लॅन दिला नव्हता. तो देणं बंधनकारक नव्हतं. साडेसहाच्या सुमाराला इंटरनेटवर हवामान बघितलं गेलं होतं. हवा धुरकट, पण नियमात बसणारी. ढग नाहीत, पाऊस नाही, वादळ नाही. आज आहे ना, तशीच.”

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. जुलैतली दमट संध्याकाळ, वर निळं, कडेला सगळं दुधाळ. पलीकडची टेकडी होती की नव्हती ते सांगता येत नव्हतं.

“मग मेला कशानं?” आईनं सरळ विचारलं.

“लाइट गेल्यानं,” बाबा म्हणाले, आणि मुद्दाम थांबले.

झालं असं होतं. जॉन कनेक्टिकटच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं ५,५०० फुटांवरून गेला. तोवर खाली गावांचे दिवे होते, त्यामुळे वर काय, खाली काय ते कळत होतं. ऱ्होड आयलंडच्या पुढे किनारा सोडून त्यानं समुद्रावरून व्हिनयार्डची सरळ वाट धरली. आता खाली काळं पाणी, वर काळं आकाश, मध्ये धुरकट हवा, आणि पाणी कुठं संपतं ते दाखवणारी रेघच नाही. त्याच रात्री दुसरा एक पायलट त्याच भागातून नँटकेटला चालला होता. त्यानं तपासनिसांना सांगितलं, की व्हिनयार्डचे दिवे दिसेनात तेव्हा त्याला वाटलं, अख्ख्या बेटाची वीज गेली असावी.

“लोडशेडिंग!” आईला हे चटकन कळलं. गोष्टीतलं एवढं एकच तिच्या अनुभवातलं होतं.

“आणि वीज गेलीच नव्हती. दिवे होते, दिसत नव्हते. विमानतळावरून बघणाऱ्याला हवा ठीक वाटत होती.”

“पण दिवे दिसले नाहीत म्हणून विमान पडतं होय?” वहिनी म्हणाल्या. “रात्री आम्ही इंडियाला जातो तेव्हा खिडकीतून कुठे काय दिसतं?”

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते आत गेले आणि माझ्या नवऱ्याची चाकांची, गोल फिरणारी ऑफिसची खुर्ची ढकलत डेकवर घेऊन आले. मग नातीला हाक मारली. माझी मुलगी आठ वर्षांची. आजोबांच्या प्रयोगांत तिला उंदीर व्हायला फार आवडतं. तिला खुर्चीत बसवलं, माझ्या ओढणीनं डोळे बांधले, पाय वर घ्यायला लावले. “खुर्ची ज्या बाजूला फिरेल तिकडे अंगठा दाखवायचा. थांबली की अंगठा वर.”

बाबांनी खुर्ची उजवीकडे हळूहळू, एका लयीत फिरवायला सुरुवात केली. अंगठा उजवीकडे. बरोबर. एक फेरी, दोन, चार. बाबांचा वेग तसाच. पोरीचा अंगठा मात्र हळूच सरळ वर आला.

“थांबली,” ती म्हणाली.

वहिनी कुंडीवरून पडता पडता राहिल्या, कारण खुर्ची फिरतच होती. बाबांनी मग वेग कमी केला. अंगठा डावीकडे गेला. बाबांनी खुर्ची पूर्ण थांबवली, हात सोडून बाजूला झाले, तरी पोरगी ठामपणे सांगत होती, “आजोबा, डावीकडे जोरात फिरतेय.” ओढणी सोडली तेव्हा ती भांडायला उठली आणि तोल जाऊन आजीच्या मांडीवर बसली.

“फुगडी!” आई आणि वहिनी एकदमच म्हणाल्या. मंगळागौरीला फुगडी घालून थांबलं की घर कसं गरगरतं, ते दोघींना आठवलं.

“तेच. कानाच्या आत तीन बारीक वाकड्या नळ्या असतात, त्यांत पाणी. वळायला लागलं की पाणी मागे राहतं, म्हणून कळतं वळतोय. वळतच राहिलं की पाणीही त्याच वेगानं जायला लागतं. मग कान म्हणतो, सरळ चाललंय. आणि अगदी सावकाश कलंडायला लागलं तर सुरुवातीपासूनच काही म्हणत नाही. वळणात विमान नीट कललेलं असलं की वजन खुर्चीतच खाली दाबतं, बाजूला नाही. तेव्हा पार्श्वभागही म्हणतो, सरळ. दिवसा डोळे ह्या दोघांना खोटं पाडतात. रात्री समुद्रावर डोळ्यांना रेघच नाही. मोठ्या विमानाचा पायलट खिडकीतून बघतच नाही ताई, समोरच्या तबकड्या बघतो. त्याचं वेगळं शिक्षण असतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग. ह्याचं ते चालू होतं, पुरं झालं नव्हतं.”

“पण तबकड्या होत्या ना विमानात?”

“सगळ्या होत्या. चालू होत्या. इंजिनात दोष नाही, सांगाड्यात नाही. ऑटोपायलटसुद्धा होता. पण अंगातलं सगळं ओरडून सांगतंय की आपण सरळ आहोत, आणि तबकडी म्हणतेय तिरके आहोत. कुणाचं ऐकायचं? ऐकायचं तबकडीचं. हे नुसतं माहीत असून भागत नाही, हाडात मुरावं लागतं.”

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हे तपासून बघितलेलं आहे. तबकड्यांवर उडायचं शिक्षण नसलेले वीस पायलट घेतले, बाहेरचं काही दिसणार नाही असा बंदोबस्त केला. विसाच्या वीस जणांच्या हातून विमान गेलं. शेजारी मास्तर होता म्हणून सगळे घरी गेले. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ: १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. ह्या वीसपैकी किती जण माजोरडे होते, ते नोंदवलेलं नाही.

केनेडीचं विमान बेटापासून चौतीसेक मैलांवर असताना खाली यायला लागलं. रडारवर शेवटची मिनिटं उमटली आहेत. सव्वादोन हजार फुटांच्या आसपास येऊन उजवीकडे वळलं, थोडं चढलं, डावीकडे वळलं, मग पुन्हा उजवीकडे. आणि हे शेवटचं वळण घट्ट होत गेलं. नाक खाली गेलं की माणूस दांडा मागे ओढतो, ही सहज क्रिया. सरळ विमान त्यानं वर येतं. कललेलं विमान त्यानं वळण आणखी आवळतं आणि आणखी खाली जातं. शेवटी ते मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगानं उतरत होतं. वेळ ९ वाजून ४१ मिनिटं. रेडिओवर शब्द नाही. जागा बेटाच्या गे हेड टोकापासून साडेसात मैलांवर. त्याच टोकाला त्याच्या आईनं, जॅकीनं, घर बांधलं होतं. ती जाऊन पाच वर्षं झाली होती. विमानातल्या सामानातलं काही वाहून त्याच बाजूच्या किनाऱ्याला लागलं.

“हे बरं झालं, ती नव्हती बघायला,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आणि त्या मुलींची आई?”

“ती होती,” वहिनी म्हणाल्या. “तीन मुली. त्यातल्या दोन एका रात्रीत. टीव्हीवर त्या आठवड्यात चोवीस तास केनेडी, केनेडी. तिचं नाव घ्यायचं राहूनच जायचं.”

रात्री दहाच्या सुमाराला व्हिनयार्डच्या विमानतळावरच्या एका पोरानं फोन करून चौकशी केली होती, असं एक विमान येणार होतं त्याचं काय झालं म्हणून. त्यातून काही निघालं नाही. तटरक्षक दलाला निरोप गेला तो रात्री सव्वादोनला. विमान सापडायला चार दिवस लागले, सुमारे १२० फूट खोल पाण्यात. लग्न पुढे ढकललं गेलं.

बाबांनी कागदांची घडी घातली, आणि पुन्हा उघडली. “एक राहिलंच. हे ह्या विमानतळावरचं आहे, तुमच्या शेजारचं. त्याच संध्याकाळी इथूनच अजून एक जण व्हिनयार्डला जाणार होता. स्वतःचं विमान. तो गेला नाही.”

“का?”

“त्यानं तीन कारणं सांगितली. एक, हवा फार धुरकट वाटली. त्याच्या अंदाजानं चारेक मैलांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन, मित्र बरोबर यायला तयार होईनात. आणि तीन,” बाबा आता चक्क हसत होते, “आज गेलं नाही तर तिथल्या हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचेल. म्हणून ठरवलं, शनिवारी जाऊ.”

वहिनी बघतच राहिल्या. सगळ्या केनेडी पुराणात हा माणूस त्यांना कधी भेटला नव्हता. भेटणार कसा? ना नखं, ना शाप, ना माज. मासिकाच्या मुखपृष्ठावर टाकावं असं त्यानं काही केलंच नाही.

“नाव काय त्याचं?” आईनं विचारलं.

“अहवालात नाव नाही देत.”

“कोकणस्थ असणार,” देशस्थ आई म्हणाली. वहिनी कोकणस्थ आहेत, पण हे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“बायको असेल तर तिनं त्या रात्री भरपूर ऐकवलं असेल,” वहिनी म्हणाल्या. “सगळं सामान भरून ठेवलेलं, आणि ह्याचं आपलं हॉटेलचं भाडं. काका, ते रेटिंगचं काय म्हणालात? तबकड्यांचं? त्याला किती पडतात?”

“बरेच पडतात. मास्तरचे तास, विमानाचं भाडं, परीक्षा.”

“लग्नाच्या हॉलपेक्षा जास्त?”

“तुमच्या इथल्या हॉलपेक्षा नसावेत.”

“मग करू दे ते. हॉल काय, लागतोय कुठे एवढ्यात.” वहिनी कुंडीवरून उतरल्या, आता कुंपणावर नुसता अंबाडा दिसत होता. पलीकडून फोन लावल्याचा आवाज आला. स्पीकरवरच, कारण आम्हाला ऐकू यावं ही इच्छा होतीच. “हॅलो? अरे, मी बोलतेय. शनिवारी हवा कशी आहे ते बघितलंस का?”

“आई, आज मंगळवार आहे.”

“ते मला माहितीये. आणि रात्री बाहेर जेवायला कशाला जायचं उगाच विमान घेऊन, पैसे जातात.”

“कोण जातंय रात्री? मी अजून एकटा उडतसुद्धा नाही.”

“तेच बरंय. थांब, शेजारच्या काकांना देते,” वहिनी म्हणाल्या, आणि कुंपणाच्या वरून एक हात फोन धरून आमच्या बाजूला आला.